गुणी भाऊ

विशेष शाळेतल्या काळसेकर बाईंनी बजावलं होतं, "पराग सगळ्यालाच 'हो' म्हणतो. त्याला 'नाही' म्हणायला शिकवा." ऋजुतानं ते हसण्यावारी नेलं होतं. "बाई, इतका गुणी भाऊ कुणाला मिळतो?"

पुढे गल्लीतल्या पोरांनी सांगितलं म्हणून परागनं चोरीची मोटारसायकल ढकलत नेली. चौकीत जे जे विचारलं, त्यालाही तो 'हो'च म्हणाला.

आज तुरुंगातल्या भेटीत काचेपलीकडे तो हसत बसला होता. मांडीवरचं आपलं बाळ सावरत तिनं फोनवर विचारलं, "जेवतोस ना?"

"हो, ताई."

"झोप लागते ना?"

"हो."

ती उठणार, इतक्यात त्याच्या खांद्यांवरून लोंबणारा शर्ट तिला दिसला. ती पुन्हा बसली. "आडवा झालास की मनात काय येतं रे?"

त्याचं हसू विरलं. "ढ तर होतोच, ताई. आता चोर पण. मी नसलो तर तुम्हाला बरं ना?"

"तुझ्यावाचून मला कसलं बरं?" ती म्हणाली, आणि तिथून तडक तुरुंगाच्या डॉक्टरांकडे गेली.

आता ती तुम्हालाही विनवते: तुमचंही असं हसरं कुणी असेल, तर आज त्याच्याजवळ बसा. 'बरा आहेस ना' सोडून दुसरं काहीतरी विचारा.