वणीचा दिवा

"सर, आमच्या गच्चीवरून वणी दिसते का?"

तेजलनं विचारलं आणि मागच्या बाकावर मंजुषा मुद्दाम खोकली. पैज तिनंच लावली होती. मधल्या सुट्टीत तेजल बोलून गेली होती, की वणीला राहणाऱ्या हर्षालीताईच्या, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या घरचा दिवा आपल्याला म्हसरूळहून दिसतो. मंजुषा म्हणाली, फेकू नकोस, दम असेल तर सरांना विचार. दम होता. यंदा तेजलला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती.

भूगोलाचे रंगनाथ सर पडद्यावर नाशिकचे डोंगर दाखवत होते. माऊस ओढला की अख्खा जिल्हा ताटासारखा तिरपा व्हायचा. सरांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही, तिलाच पुढे बोलावलं. तिनं एक टिंब आपल्या गच्चीवर ठेवलं, दुसरं वणीत. मध्ये रेघ उमटली. दिसतं तिथवर हिरवी, पुढे लाल, सर म्हणाले.

रेघ हिरवीगार निघाली. मग डोंगर आला, आणि पलीकडे वणीपर्यंत सगळी लाल.

वर्ग हसला. आमची गच्ची तिसऱ्या मजल्यावर आहे, तेजल हट्टानं म्हणाली. सरांनी बघणाऱ्याची उंची वाढवली. तिनं स्वतः दहा मजले केले, वीस केले. लाल ती लालच.

"मग तो दिवा कुणाचा, सर?"

सरांनी हिरवी रेघ संपते तिथं बोट ठेवलं. त्या माथ्यावर मोबाइलचा टॉवर आहे, त्याचा असेल.

ती परतली, तेव्हा मंजुषानं सरकून आपल्या बाकावर जागा दिली. "जाऊ दे गं, पैज रद्द," ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी तेजल गच्चीवर गेली. दिवा लागला होता, लालसर, एकटाच. आईनं दोरीवरचे कपडे केव्हाच काढले होते, तरी ती ओझं खांद्यावर घेऊन कठड्याशी उभी होती. आई वारा खात उभी राहते, असं तेजलला आजवर वाटायचं. पप्पा टाकीचं झाकण उघडून पाणी बघत होते. टाकी सकाळीच भरली होती. तिघांचीही तोंडं उत्तरेला, वणीकडे. ताई स्वतःच्या मर्जीनं लग्न करून गेली, त्या दिवसापासून या घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं.

टॉवरचं अगदी जिभेवर आलं होतं. तेजलनं ते गिळलं.

"किती छान दिसतोय नाही आज," आई कुणाकडेही न बघता म्हणाली. पप्पांनी झाकण हातातच धरून मान हलवली.

तेजल दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"इथून नीट दिसत नाही," ती म्हणाली. "रविवारी मी वणीला जातेय. ताईकडे."