चिकणमातीचा वास

“सिदोनीबाई, लाकूड जरा बेतानं! ब्रँडी गाळायचीय, डुक्कर भाजायचं नाहीये,” भट्टीवाला बर्त्राँ ओरडला.

“तीस वर्षं जाळ घालतेय मी. तू तेव्हा दुपट्यात होतास,” सिदोनी म्हणाली आणि मुद्दाम आणखी एक ओंडका आत सारला.

चाकांवरची ती तांब्याची भट्टी दर नोव्हेंबरात फ्रान्समधल्या आर्मान्याक भागातल्या गावांतून फिरे. द्राक्षमळेवाल्या ऑनोरेच्या अंगणात ती उभी राहिली की सिदोनी येई, आठवडाभर जाळ सांभाळी आणि मजुरी न घेता घरी जाई. गाव आधी कुजबुजलं, मग कंटाळून गप्प झालं.

यंदाची भट्टी शेवटची. ऑनोरेनं उरलेल्या वेलीही विकल्या होत्या. रविवारी पुतणी त्याला वृद्धाश्रमात नेऊन सोडणार होती. सिदोनीला बोलायचं तर आजच.

तीस वर्षांपूर्वी सिदोनी जत्रेत ब्रँडीची परीक्षक होती. डोळे झाकून मळा ओळखावा असं नाक. त्यांच्या गावच्या रेताड जमिनीतली ब्रँडी मऊ, सुकवलेल्या आलुबुखाराच्या वासाची. पलीकडच्या चिकणमातीवरची तापट, घशाला ओरखडणारी, तळाशी रानफुलांचा वास दडवून बसलेली. चाखून झाल्यावर ग्लास रिकामे करून रात्रभर तसेच ठेवायचे आणि सकाळी हुंगायचे, ही तिथली रीत. रात्रीतून वरवरचं सगळं उडून जातं, माती तेवढी राहते.

ऑनोरेच्या रिकाम्या ग्लासात तिला चिकणमाती लागली.

“ही आपल्या रेतीची नाही. भेसळ आहे,” ती चारचौघांत म्हणाली. ऑनोरेनं वाद घातला नाही. त्याचं नाव गावच्या ब्रँडीवाल्यांच्या यादीतून गेलं. व्यापारी यायचे बंद झाले. मळा तुकड्यातुकड्यानं विकला गेला.

दोन महिन्यांनी जत्रेत ग्लास मांडणारी बाई तिच्याजवळ सहज बोलून गेली, “त्या रात्री तबक पुसताना दोन ग्लास उचलले होते बाई मी. ठेवताना जागा चुकली की काय, देव जाणे.”

म्हणजे तो ग्लास ऑनोरेचा नव्हताच कदाचित. सिदोनीनं ते कुणाला सांगितलं नाही. परीक्षकपद सोडलं. पुन्हा कधी ग्लास नाकाला लावायचा नाही असा नेम धरला, तो एकदाही मोडला नाही. आणि दर नोव्हेंबरात हा जाळ.

दुपारी ऑनोरे सुपाचे वाडगे घेऊन आला. “घे. बदकाचा मोठा तुकडा तुझ्या वाडग्यात टाकलाय. बर्त्राँला सांगू नकोस.”

“ऐकतोय मी!” भट्टीमागून आवाज आला. “आणि धार बघा, म्हातारबुवा. एकदाच गाळली की मातीची चव राहते. ते कोन्याकची ब्रँडी करणारे दोनदा गाळतात. कानामागे लावायचं अत्तर नुसतं!”

स्वतःच्याच विनोदावर हसत तो आत जेवायला गेला. अंगणात दोघंच उरली.

“ऑनोरे, एक सांगायचं होतं.”

“सांग की. रविवारनंतर ओरडून सांगावं लागेल, तिथले सगळे बहिरे आहेत म्हणे.”

ती हसली नाही. जाळाकडे बघत तिनं सगळं सांगितलं. तबक, ग्लास, त्या बाईचं बोलणं. “मला दोनच महिन्यांत कळलं होतं रे. तोंड उघडलं असतं, तर तुझा मळा राहिला असता. माझ्या अब्रूसाठी तुझी घालवली मी. माफी मागायचंही धाडस झालं नाही. आज मागते.”

ऑनोरेनं वाडगा खाली ठेवला. जाळ मंदावला. ओंडका घालायचं दोघांनाही सुचलं नाही.

“ती बाई माझ्याजवळही बोलली होती,” तो म्हणाला. “त्याच हिवाळ्यात.”

“म्हणजे तुला माहीत होतं? मी का येते ते?”

“पहिल्या वर्षापासून.”

तिचे डोळे भरून आले. “आणि तरी मला दारात उभं राहू दिलंस?”

“ग्लास माझाच होता, सिदोनी. त्या साली हिम पडलं, निम्मी द्राक्षं गेली. पलीकडून चिकणमातीवरची दोन पिंपं आणून मी मिसळली. तुझं नाक बरोबर होतं.”

सुपाचा वाडगा तिच्या हातात तसाच राहिला. “तीस वर्षं, ऑनोरे. एकदा तरी सांगायचंस.”

“सांगितलं असतं,” तो खाली बघत म्हणाला, “तर पुढच्या नोव्हेंबरात तू आली नसतीस.”