नऊ दगड

"साबण नको म्हटलं ना," आजोबा म्हणाले. "दगडात साबण मुरला, की माशांचं काही खरं नाही."

नातीने साबण जागच्या जागी ठेवला आणि कोरा ब्रश उचलला. न्हाणीघरात दोघं बादलीपाशी बसली होती. बादलीत नऊ दगड. पोलिसांनी आईच्या सामानाबरोबर पिशवीत घालून दिलेले.

खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी काचेची टाकी आईनेच हौसेने आणली होती. टाकीसाठी समुद्रकाठी दगड वेचताना तिचा पाय घसरला आणि ती बुडाली, असं आजोबांनी नातीला सांगितलं होतं. दगड नेमके कुठे सापडले, तेवढं मात्र गाळलं होतं. महिना झाला, पोरीने एक अक्षर विचारलं नव्हतं. टाकी लागली, मासे फिरू लागले, की पुढेही विचारणार नाही, अशी त्यांना आशा होती.

"आता व्हिनेगर टाक. फसफसलं?"

"थोडंसं."

"म्हणजे चुना आहे. खाऱ्या पाण्याला चालतो."

"उकळून घेतले तर लवकर नाही होणार?"

"उकळायचे नाहीत, मास्तरीणबाई. आत अडकलेलं पाणी तापलं, की दगड फुटतो. आठवडाभर गोड्या पाण्यात ठेवायचे. रोज पाणी बदलायचं, रोज हुंगायचं. वास गेला, की झाले."

नातीने एक दगड हातावर तोलला. "दुकानदार तर म्हणाला होता, भोकाभोकाचे हलके दगड आणा. माशांना लपता येतं. आईने असे गुळगुळीत, जड का घेतले?"

आजोबांचा ब्रश थांबला. "घाईत असेल ती."

"हं."

"ही पांढरी कड बघ," त्यांनी विषय बदलला. "पाणी वाळतं, मीठ मागे राहतं. भारी चिवट असतं."

नातीने दाराकडे पाहिलं. तिच्या शाळेच्या बुटांवरही तशीच पांढरी कड होती. "तसं?"

"ते चिखलाचं. डबक्यात उड्या मारून भिजून आली होतीस ना त्या दिवशी? आणि वर माझी बोलणी खाल्लीस."

शेवटचा दगड घासून झाल्यावर तिने विचारलं, "नऊच दिले त्यांनी?"

"नऊच."

ती उठली. दप्तर उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या मुठीत एक दगड होता, स्वच्छ घासलेला. तिने तो अलगद बादलीत सोडला.

"याला वास येत नाही आता. मी रोज पाणी बदलत होते."

"हा कुठला गं?"

"माझ्या कोटात आईने चार घातले होते," ती ब्रश धुता धुता म्हणाली. "पाणी छातीला लागलं, तेव्हा तिने तीन काढून स्वतःच्या खिशात टाकले आणि म्हणाली, पळ घरी. हा एक काढायचा राहिला."