संयोगिताची बडबड

संयोगिताच्या तोंडाला झाकण नाही, हे धोंडुबाईंचं रोजचं गाऱ्हाणं. लग्न होऊन आली तेव्हा ही सून मुकी आहे का काय, अशी अख्ख्या गल्लीला शंका होती. आणि गेली दोन वर्षं नुसती आकाशवाणी. मिरची-कांडपाचं दार उघडलं की सुरू.

"आत्याबाई, बाळाबाई आल्या. दोन किलो बेडगी हाय, किलोभर संकेश्वरी. देठं काढून आणल्यात. पायरीवर पाणी सांडलंय, पुसतो मी. धनं पिवळं झालं बघा. झालं, तांबूस झालं. उतरवा आता."

"मला शिकवतीस व्हय गं? चाळीस वर्सं धनं भाजतोय मी. तू जल्मली न्हवतीस तवा."

बायका हसायच्या. संयोगिताही हसायची आणि पुढच्या कढईला पुन्हा तेच.

शिवाजी पेठेतलं हे कांडप एप्रिल-मेमध्ये दम खात नसे. वर्षाची चटणी करायला बायका आपापली मिरची घेऊन यायच्या आणि आपल्या डब्याला खेटून बसायच्या. एकीचं तिखट दुसरीच्यात जाता कामा नये. कांडायला यंत्र होतं, पण भाजणं धोंडुबाईंच्या हातचं. खोबरं, तीळ, धने, सगळं त्यांच्याच उलथन्याखाली. भांड्यांच्या जागा ठरलेल्या. कुणी घमेलं वीतभर सरकवलं, तरी त्याचा उद्धार व्हायचा.

"एक कढई तरी मला द्या," संयोगिता म्हणायची. "तुम्ही नुसतं बसून सांगा."

"बसून सांगाय मी काय सरपंच हाय?"

संयोगिताच्या नवऱ्यानं, कृष्णातनंही आईला समजावून बघितलं. पुण्याच्या ऑर्डरी परत पाठवाव्या लागतात, दोन हात किती ओढणार, तिच्यावर थोडं टाक की. धोंडुबाईंनी ऐकलं आणि जेवायला वाढलं.

शेवटी रविवारी संयोगितानंच विषय मिटवला. राजारामपुरीत साड्यांच्या दुकानात जागा आहे, एक तारखेपासून जाते म्हणाली. इथं वजन करायचं आणि चिठ्ठ्या वाचायच्या, त्याला कुणीही चालेल.

"जा की," धोंडुबाई म्हणाल्या. चार गिऱ्हाइकं समोर बसली होती. "तुझ्यावाचून माझं अडलंय व्हय? आणि जाईपत्तोर तोंड तेवढं बंद ठेव. कान किटलं माझं."

दुसऱ्या दिवशी संयोगिता गप होती. मिरची तोलली, केर काढला, आल्यागेल्याला पाणी दिलं.

कांडप भलतंच शांत वाटायला लागलं. धोंडुबाईंनी एकदा खोबरं कच्चंच उतरवलं. मग तीळ करपले.

"गॅस मोठा कुणी केला?" त्यांनी विचारलं. संयोगिता मिरची तोलत राहिली.

अकराला त्रिशलावहिनी आल्या. जैनांच्या घरची चटणी, कांदा-लसूण चालायचा नाही. त्यांच्यासाठी कढई वेगळी, घमेलं वेगळं, यंत्राचं एक उखळसुद्धा राखून ठेवलेलं. घरात चौदा माणसं, वरून म्हातारे सासरे नेमाधर्माचे. कोल्हापुरात कांडपं पन्नास असतील, पण वीस वर्षं त्या इथंच यायच्या, धोंडुबाईंच्या भरवशावर.

धोंडुबाईंनी त्यांचं खोबरं भाजून घमेल्यात काढलं आणि डाव्या हाताला ठेवलं, नेहमीसारखं. मग बाळाबाईंचा कांदा-लसूण परतला आणि ते घमेलं उजवीकडं. लसणाचा वास छपरापर्यंत भरला. उखळात त्रिशलावहिनींची मिरची कांडून तयार होती. धोंडुबाईंनी डावीकडचं घमेलं उचललं आणि उखळावर धरलं.

संयोगितानं त्यांचं मनगट पकडलं.

"आत्याबाई, लसूण हाय त्यात."

यंत्र बंद झालं. त्रिशलावहिनी उठून उभ्या राहिल्या.

"माझं घमेलं मी भिंतीकडं नेलंय मावशी, लसणाजवळ नको म्हणून. हे बाळाबाईंचं. त्यांनी मोकळी जागा बघून इकडं सरकवलं असेल." त्यांनी घमेल्याकडं बोट दाखवलं. "पण एवढा काळा परतलेला कांदा वर दिसतोय की. कुठं लक्ष हाय तुमचं?"

धोंडुबाईंनी घमेलं खाली ठेवलं. चाळीस वर्षांत अशी चूक पहिल्यांदाच झाली असावी. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"राहू दे," वहिनींनी डबा ओढला. "घेऊन जातो मी मिरची परत. सासऱ्यांना काय सांगू उद्या?"

"वहिनी, चूक माझी," संयोगिता म्हणाली. "भांड्यांवर नजर ठेवायचं काम माझं हाय. मी घुश्शात हुतो, ध्यान दिलं न्हाई. तुमच्यात कणभर काय पडलं न्हाई, या, स्वतः बघा."

वहिनींनी वाकून बघितलं. मग पुन्हा बघितलं. शेवटी डबा खाली ठेवला.

त्यांची चटणी संयोगितानं पुरी करून दिली. धोंडुबाई पाटावर बसून राहिल्या.

चारला शेवटचं गिऱ्हाईक गेलं. संयोगितानं दार ओढून घेतलं आणि सासूच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. धोंडुबाईंच्या मुठीत उलथनं अजून तसंच होतं.

"साड्या इकायला जायाचं न्हाई," त्या करड्या आवाजात म्हणाल्या आणि उलथनं पुढं केलं. डावीकडं, जिथं कुणीच नव्हतं.

"हितं हाय मी, आत्याबाई."

उलथनं हळूहळू उजवीकडं वळलं.

"उद्यापास्नं कढई तुझी. आणि पुन्हा गप बसलीस तर याद राख. लई बडबडी हाईस तू. पर दोन वर्सं झाली पोरी, तू बोलतीस तेवढंच दिसतंय मला."