राहीला ऐकू येत नाही

करपलेली भाकरी. वाटीतलं कोमट तेल. ताटभर ज्वारी. टँकरचा भोंगा.

सूर्यभानचं लग्न दुष्काळात झालं. घरात तांदूळ नव्हते, म्हणून बायकोचं नवं नाव त्यानं ताटातल्या ज्वारीतच अंगठीनं लिहिलं. नाव आईनं ठरवलेलं: राही.

पाचव्या दिवशी आई, म्हणजे लंकाबाई, चुलीपाशी ओरडली, "राहे, भाकर करपली!" तव्यासमोर बसलेली सून ढिम्म.

"बहिरी गळ्यात मारली रं आपल्या," लंकाबाई लेकाला म्हणाली. "कानात तेल घालून बघितलं. उद्या पाथर्डीच्या डाक्टरला दाखव, न्हाईतर माहेरी पोचवून ये."

"आये, मी लई हळू बोलतो तरी ऐकती की."

"गप, मेल्या!"

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. शेजारच्या बनुबाईनं लंकाबाईला हाक मारली, "लंके, पळ, पानी आलं!"

"आले!" म्हणत सून हंडा घेऊन सुटली आणि दारात सासूवर आदळली.

"तुला ऐकू येतं? आन् माझ्या नावाला ओ देती व्हय?"

"आत्याबाई, गेल्या आठवड्यापर्यंत मीबी लंकाच हुते!"

लंकाबाईनं कपाळावर हात मारला. "आगं बया! एका घरात दोन लंका नकोत म्हणून मीच की गं बदललं!"

दोघी उंबऱ्यावर बसून हसत सुटल्या.

"पर राही कुठनं सुचलं वो?" सुनेनं डोळे पुसत विचारलं.

"चल, टँकर जाईल."



लग्नाआधी लंकाबाईचं नाव राही होतं.