सगळे सहमत
जनावरांच्या डॉक्टरांच्या याहू ईमेल ग्रुपवर सणाच्या शुभेच्छांना आणि विनोदांना ऊत आला होता. ग्रुप सांभाळणारे दौंडचे अनिस डॉक्टर वैतागले. त्यांनी सगळ्यांना मेल टाकला, "इथं फक्त आजारांवर बोला."

लगेच उत्तरांची रांग लागली. "बरोबर." "सहमत." "हेच करायला हवं."

त्या गर्दीत अडकलेला वढूच्या सुषमा डॉक्टरांचा प्रश्न अनिस डॉक्टरांना तिसऱ्या दिवशी दिसला : "मेंढ्यांना ताप आहे. साधाच वाटतोय. दोन दिवस थांबून बघू का?"

त्यांनी घाईनं फोन लावला. "मॅडम, थांबू नका!"

"चाळीस मेंढ्या गेल्या, सर."

"अहो, पण थांबलात कशाला?"

"मग काय करणार? माझ्या प्रश्नाखाली एकावन्न डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'बरोबर.'"