अठरावी चटई

एक लाल कुलूप, कडी कापलेली. टाइस्तोच्या कपाटात, हातमोज्यांच्या मागे.

लाकडाच्या गिरणीतली सतरा माणसं, अठरा चटया. शेवटची दर गुरुवारी अंथरतात, तिच्यावर कुणी झोपत नाही.

चार आकडे श्वास आत. सहा बाहेर.

"शवासनात घोरलं तर चालतं का?" राइमोने पहिल्या दिवशी विचारलं होतं. शिकवायला आलेली हेलिना म्हणाली, "चालतं. घाई चालत नाही."

मार्च. तळं अजून गोठलेलं.

लाकडाच्या ढलप्या करणारं यंत्र बंद होतं. साफसफाई नुकतीच संपली होती. गिरणीचा नियम साधा: यंत्रात उतरणाऱ्या प्रत्येकाने मुख्य स्विचला आपलं कुलूप लावायचं, बाहेर आल्यावर आपल्याच किल्लीने काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. आता एकच राहिलं होतं. त्यावर मार्युतचं नाव.

"विसरून घरी गेली असेल," राइमो म्हणाला. "काप ना. ट्रकवाला मघापासून बोंबलतोय."



नोव्हेंबरात हेच वाक्य मुकादम टाइस्तो बोलला होता, एस्कोच्या कुलपाकडे बघत. कुलूप त्यानेच कापलं. बटणही त्यानेच दाबलं. एस्को आत होता.

कटर टाइस्तोच्या हातात होता. कधी उचलला ते त्याला आठवेना. भिंतीवर कुलपांच्या नियमांचा कागद होता, नोव्हेंबरानंतर सुरू झालेल्या धड्याचा. दर गुरुवारी अर्धा तास तो कागद, अर्धा तास चटई. कागद पाठ होता. हाताला मात्र अजून दुसरंच पाठ होतं.

चार आत. सहा बाहेर. तीन वेळा. कटर कुलपापासून बाजूला आला, पाती हळूहळू मिटली.

मग तो यंत्राच्या तोंडाशी वाकला आणि हाक मारली.

"एस्को!"

आतून लोखंडी घुमारा आला. राइमोने मान वळवली.

"मार्युत," टाइस्तो म्हणाला. "मार्युत!"

विजेरी घेऊन तो स्वतः कोपरान् कोपरा बघून आला. कपडे बदलायची खोली पाहिली. वाफ घ्यायची खोली, सौना, पाहिली. वाहनतळावर गेला. मार्युतच्या गाडीच्या जागी बर्फात कोरडा चौकोन होता. टाइस्तो त्याच्याकडे बघत नव्हता. शेजारच्या जागेकडे बघत होता. तिथला बर्फ रोज काढलेला असे, गाडी मात्र कुणी लावत नव्हतं.

मग फोन.

"अरे देवा, माझ्या खिशातच आहे की किल्ली!" मार्युत म्हणाली. "मी गावात, पोरीच्या दाताच्या डॉक्टरकडे. काप रे, मी सांगतेय ना."

"नको."

"टाइस्तो, मी तुझ्याशी बोलतेय. जिवंत आहे मी."

"तू ये. तुझ्या हाताने काढ."

पन्नास मिनिटं लागली. ट्रकवाल्याने भोंगा वाजवून वाजवून सोडून दिला. मार्युत आली ती पोरीला घेऊनच. पोरीचा एक गाल सुजलेला. कुलूप काढून मार्युतने खिशात टाकलं.

"ओरड की आता. पूर्वी किती ओरडायचास!"

"तू दिसलीस," टाइस्तो म्हणाला. "बस."

यंत्र सुरू झालं. तो बटणापासून दूर, भिंतीला पाठ लावून, शेवटचा ओंडका जाईपर्यंत उभा राहिला.

गुरुवारी हेलिना म्हणाली, "डोळे मिटा." सोळा जणांनी मिटले. टाइस्तो उताणा पडून श्वास मोजत होता, मान कडेच्या रिकाम्या चटईकडे वळलेली. चार. सहा. चार. सहा.

नोव्हेंबरात त्या दिवशी एस्कोची गाडी वाहनतळावरच उभी होती. मुकादमाच्या खिडकीतून ती जागा दिसते.